पुराणिकाची लेक आणि मराठी बायबल : पंडिता रमाबाईंच्या उत्तरकालीन लेखनाचा पुनर्विचार

प्रस्तावना

बारामतीहून दौंडमार्गे पुण्याला जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर केडगाव हे छोटे स्टेशन लागते. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या दौंड तालुक्यातील हे गाव आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांना परिचित आहे. तेथील मुक्ती मिशनचे नावही बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु मराठीच्या वर्गात पंडिता रमाबाई कोण, असे विचारले तर ‘समाजसुधारक’, ‘शारदा सदनच्या संस्थापिका’ ही उत्तरे तत्परतेने येतात. थोडे अधिक वाचलेला विद्यार्थी अमेरिकेच्या प्रवासवृत्ताचा उल्लेख करतो. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत आणणारी लेखिका, हे उत्तर मात्र सहसा येत नाही. याचा दोष विद्यार्थ्यांना देता येत नाही, कारण आपल्या वाङ्मयेतिहासातील रमाबाई बहुधा १८८९ सालीच थांबतात. त्यानंतरची तेहतीस वर्षे सेवाकार्याच्या आणि धर्मप्रसाराच्या खात्यावर मांडली जातात.

प्रस्तुत लेखात या मांडणीचा पुनर्विचार करावयाचा आहे. रमाबाईंची श्रद्धा जसजशी दृढ होत गेली तसतशी त्यांच्यातील लेखिका मावळत गेली, असे एक अनुमान आपल्या समीक्षेत न बोलता गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. रमाबाईंच्या आयुष्यातील स्थित्यंतरांतून एक भाषाविषयक प्रश्न हळूहळू स्पष्ट होत गेला आणि केडगाव येथे १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेले मराठी बायबल हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. या उत्तरात काही उणिवा आहेत आणि त्यांचाही विचार पुढे केला आहे. रमाबाईंच्या धर्ममतांचे समर्थन किंवा खंडन हा या लेखाचा विषय नाही.

१. न कळणाऱ्या शब्दावर चाललेला संसार

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित. त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते लेकीला दिले. या घटनेचे पुरोगामी स्वरूप आपण नेहमी अधोरेखित करतो, आणि ते योग्यच आहे. पण या कुटुंबाच्या उपजीविकेचे स्वरूपही पाहिले पाहिजे. डोंगरे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर पोथी उघडून पुराण वाचावयाचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करावयाची. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या व्यवसायाचे वर्णन केले आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे समोर येते. वाचले जाणारे संस्कृत श्रोत्यांना कळले पाहिजे अशी अपेक्षाच नव्हती. श्रवणाने पुण्य लाभते अशी श्रद्धा असल्यामुळे अर्थ सांगण्याची आवश्यकता वाचणाऱ्याला वाटत नव्हती आणि अर्थ विचारण्याची ऐकणाऱ्याला.

हा संसार १८७० च्या दशकातील दुष्काळात मोडला. आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अल्पावधीत अंत झाला. हजारो श्लोक मुखोद्गत असलेली मुलगी आणि तिचा भाऊ अन्नान्न दशेत शेकडो कोस पायी फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांच्या ज्ञानाचा गौरव झाला खरा; पण ज्या विद्येचा गौरव झाला त्या विद्येने कुटुंबाला वाचविले नव्हते, हेही त्यांना ठाऊक होते. भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी झालेला आंतरजातीय विवाह १८८२ च्या आरंभी पतीच्या निधनाने संपला. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

रमाबाईंच्या धर्मांतराची मीमांसा करताना स्त्रियांविषयी धर्मग्रंथांची भूमिका, ब्राह्मो समाजाचा सहवास, वाँटेजच्या भगिनींचे सेवाकार्य ही कारणे सांगितली जातात. ती खरी आहेत. त्यांच्या जोडीला लेखनाच्या दृष्टीने आणखी एक सूत्र लक्षात घ्यावे लागते. अर्थ न कळता ऐकल्या जाणाऱ्या शब्दाविषयी त्यांच्या मनात पडलेली खोल अढी पुढे त्यांच्या प्रत्येक पुस्तकात वेगवेगळ्या रूपांत दिसते.

२. बारामतीचे पुराणिक

येथे आपल्या परिसरातील एका कवीचे स्मरण अपरिहार्य आहे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि तेथे त्यांनी पुराणिक म्हणून आयुष्य घालविले. महाभारत त्यांनी मराठी आर्येत आणले, रामकथेची अनेक रूपे रचली आणि ‘केकावली’त ईश्वरापाशी आर्त विनवणी केली. संस्कृतातील कथा मराठी श्रोत्यापर्यंत पोहोचावी ही त्यांचीही तळमळ होती. मात्र त्यांची मराठी संस्कृत समासांनी, यमकांनी आणि श्लेषांनी एवढी भारलेली आहे की त्या कवितेला पुन्हा अर्थ सांगणारा पुराणिक लागतो. हे मोरोपंतांचे न्यून मानण्याचे कारण नाही. त्यांच्या काव्याची घडण मुळात सभेसाठी होती, आणि सभेत सांगणारा व ऐकणारा असे दोघेही उपस्थित असत.

रमाबाई याच परंपरेच्या लेक होत्या. १८८२ साली प्रसिद्ध झालेले ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक वाचताना याचा प्रत्यय येतो. विषय स्त्रियांच्या हिताचा, पण भाषा संस्कृत वळणाची आणि उपदेश वडिलकीचा. ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले त्यांच्यापैकी फार थोड्या ते वाचू शकत होत्या आणि वाचणाऱ्यांपैकीही अनेकींना त्यासाठी शास्त्रीबुवांची मदत लागली असती. या पुस्तकाच्या उत्पन्नाचा इंग्लंडच्या प्रवासखर्चास हातभार लागला. पुराणिकाच्या लेकीने पुस्तक लिहिले, पण बैठक पुराणिकाचीच राहिली, असे त्याचे वर्णन करता येईल.

३. बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा वाद

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात त्यावर प्रक्षोभ उसळला. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’ (१८८५) मध्ये रमाबाईंच्या बाजूने लेखणी चालविली, हे प्रसिद्ध आहे. एखाद्या तारखेला माणूस एका धर्मातून उठतो आणि दुसऱ्या धर्मात जाऊन बसतो, अशी धर्मांतराची कल्पना समर्थक आणि विरोधक या दोघांच्याही मनात असते. रमाबाईंचे चरित्र या कल्पनेला दाद देत नाही.

अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेले वाद वाचावयास मिळतात. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची अधिसत्ता, शाकाहाराचा आग्रह अशा अनेक मुद्द्यांवर या नवदीक्षित स्त्रीने मान तुकविण्यास नकार दिला. आपण विवेकाला बांधलेल्या आहोत, संस्थेला नाही, असा त्यांचा पवित्रा होता. या वादातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. न समजणाऱ्या लॅटिनऐवजी त्या जागी संस्कृत अक्षरे असावीत, असे रमाबाईंनी सुचविले. संस्कृत ही त्यांना आपल्या मायभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा वाटत होती. परक्या पवित्र भाषेचे ओझे त्यांनी नाकारले, पण त्या जागी त्यांना अजून आपल्याकडील पवित्र भाषाच हवी होती. त्या क्रुसावर मराठी अक्षरे असावीत, असे मात्र तेव्हा त्यांच्या मनात आले नव्हते.

इंग्रजीतील ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे पुस्तक अमेरिकन वाचकांसाठी होते. १८८९ साली आलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी पुस्तकात मात्र भाषा प्रथमच सैल होते. दूरच्या देशातील शाळा, संस्था, स्त्रियांचे संघटन समजावून सांगताना त्या घरच्या माणसाशी बोलावे तसे बोलतात. आपले वाङ्मयेतिहास या पुस्तकाची योग्य ती दखल घेतात आणि तेथेच थांबतात.

साक्षीत रमाबाईंनी स्वतःच एक वेगळी तारीख सुचविली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, याची जाणीव झाल्याचे त्या नोंदवितात. या काळात त्यांचे भोवतालही बदलत होते. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आक्षेपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले. या वादात सदनात शिकणाऱ्या विधवांच्या कुटुंबीयांची चिंता खरी होती, आणि स्वतःची श्रद्धा दाराआड लपविणार नाही हा रमाबाईंचा आग्रहही खरा होता. त्याचा वाङ्मयीन परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. पुण्यातील सुशिक्षित मराठी वाचकवर्ग रमाबाईंनी या वादात कायमचा गमावला. त्यापुढे त्या कोणासाठी लिहिणार होत्या?

४. केडगावचा नवा वाचक

याचे उत्तर दुष्काळाने दिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. ज्या आपत्तीत त्यांचे स्वतःचे कुटुंब नाहीसे झाले होते त्याच आपत्तीतून वाचलेल्या या मुली होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या वेगवेगळ्या जातींच्या आणि बोलींच्या होत्या. त्यांना शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय यांबरोबर वाचावयास शिकविले गेले आणि पुढे छापखान्यातील खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतची कामे त्याच करू लागल्या.

रमाबाईंचे बायबल या वाचकासाठी सिद्ध झाले. मराठी बायबल तोपर्यंत नव्हते असे नाही. सेरामपूरहून विल्यम कॅरी यांच्या काळात नव्या कराराचा मराठी अनुवाद निघाला होता आणि त्यानंतर मुंबईतील मिशनऱ्यांनी व बायबल सोसायटीने अनुवादाचे काम पुढे नेले होते. परंतु त्या अनुवादांची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रीला ती कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृतात पारंगत असलेल्या व्यक्तीने हे मत मांडावे, याचे वजन वेगळे आहे. अवघड भाषा ज्यांना येत नाही त्यांनी सोप्या भाषेचा आग्रह धरणे स्वाभाविक असते. रमाबाईंना संस्कृत सहज साध्य होते. त्यांनी ते जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या दोन भाषा शिकल्या आणि संस्थेचा व्याप सांभाळून दीड दशकाहून अधिक काळ हे काम केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. अखेरच्या काळापर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या.

घाटावरील पुराणवाचनापासून केडगावच्या छापखान्यापर्यंत एक सरळ रेषा काढता येते. पहिल्या ठिकाणी शब्द पवित्र असल्यामुळे तो कळण्याची गरज नव्हती. दुसऱ्या ठिकाणी तो पवित्र असल्यामुळेच कळणे आवश्यक होते. पहिल्या ठिकाणी वाचणारा आणि ऐकणारा यांत अंतर होते. दुसऱ्या ठिकाणी वाचणारीनेच अक्षरे जुळविली होती. रमाबाईंच्या जीवनकार्यातील ‘पाचारण’ हा शब्द आपण सेवेपुरता मर्यादित ठेवला आहे. लेखिका म्हणून त्यांना झालेले पाचारण या छापखान्यात शोधावे लागेल.

५. दुसरी वाट : टिळक दांपत्य

रमाबाईंच्या निर्णयाचे मोल आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी कळण्यासाठी समकालीनांकडे पाहणे उपयुक्त ठरते. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. अभंग, ओवी, कीर्तन ही भक्तिपरंपरेची साधने त्यांनी नव्या श्रद्धेसाठी वापरली. ‘ख्रिस्तायन’ हे नावच रामकथेच्या परंपरेत मुरलेल्या मराठी मनाला साद घालणारे आहे. तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरच्या वाटेने पंढरीस जाते. त्या वाटेवरच्या माणसाला टिळकांच्या अभंगांची चाल परकी वाटणार नाही. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले, त्याच वाटेवरचा हा पुढचा मुक्काम होता.

रमाबाईंनी हा पूल वापरला नाही. पुराण त्यांच्यासाठी उपजीविकेचे आणि उपासमारीचे स्मरण होते. त्या घाटावर पुन्हा बैठक मांडणे त्यांना शक्य नव्हते. जुन्या धार्मिक अर्थच्छटांचे संस्कृत शब्द टाळण्याकडे त्यांचा कल आहे. पाप, पुण्य, मोक्ष, अवतार यांसारख्या शब्दांमागे कर्मविचाराची दीर्घ साखळी असते आणि बायबलच्या प्रत्येक मराठी अनुवादकाला तिच्याशी झगडावे लागते. टिळकांनी ती साखळी नव्या आशयाशी जोडली. रमाबाईंना ती तोडणे इष्ट वाटले.

या तोडण्याची किंमत त्यांच्या अनुवादाला द्यावी लागली. मूळ शब्दाशी पराकोटीची निष्ठा आणि सोपी मराठी ही दोन उद्दिष्टे एकमेकांना नेहमीच पूरक नसतात. मूळ वाक्याची चाल जशीच्या तशी राखण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी शब्द सोपे पण वाक्य अवघड अशी स्थिती होते. भक्तिपरंपरेचा नाद वगळल्यामुळे ओठांवर रुळण्याचा जो गुण टिळकांच्या पद्यात सहज येतो, तो येथे उणा पडतो. मंडळ्यांच्या उपासनेत हा अनुवाद सर्वत्र रूढ झाला नाही, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असावे. रमाबाईंनी वाचकाची निवड अचूक केली. त्या वाचकाच्या कानाचा विचार मात्र पुरेसा केला नाही, असे म्हणावे लागते.

तो कान लक्ष्मीबाई टिळकांपाशी (१८६८-१९३६) होता. सोवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेल्या घरात त्या वाढल्या. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या आणि परत आल्यावरही आपला आचार सांभाळून होत्या. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या ग्रंथात हे स्थित्यंतर पाणी, चूल, पंगत यांच्या भाषेत येते. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या लेखिकेने बोलीला गद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. रमाबाईंना ज्या स्त्रीसाठी लिहावयाचे होते, ती स्त्री लक्ष्मीबाईंच्या रूपाने स्वतःच लिहू लागली, असे या दोन ग्रंथांचे नाते सांगता येईल. ‘स्मृतिचित्रे’ आपण आवडीने शिकवितो. परंतु तेथेही विनोद आणि संसारचित्रण यांना झुकते माप देऊन श्रद्धेचा भाग उरकला जातो. लेखकाची श्रद्धा बाजूला ठेवून लेखन वाचण्याची ही सवय दोघींच्याही बाबतीत सारखीच आहे. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंचे पुस्तक त्यातूनही उरते, रमाबाईंचे पुस्तक मात्र दृष्टीआडच होते.

६. प्रश्नाचे आजचे रूप

ख्रिस्ती लेखक हा मराठी लेखक आहे की नाही, असा प्रश्न आज कोणी उघडपणे विचारणार नाही, असे वाटत असतानाच तो २०१९ साली उपस्थित झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू असल्याच्या कारणावरून काहींनी विरोध केला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले, वसईच्या हरित चळवळीत अग्रभागी असलेले दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. ज्या ग्रंथासाठी त्यांना २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला त्याचे नाव ‘सुबोध बायबल’ (२०१०) असे आहे. सुबोधतेचा हा ध्यास रमाबाईंच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. केडगावच्या प्रयत्नाची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात ठळक असती, तर त्या वेळच्या चर्चेला निदान एक मराठी पूर्वपरंपरा उपलब्ध झाली असती.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, रमाबाईंचे धर्मांतर ही एका दिवसाची घटना नसून सुमारे चार दशकांची प्रक्रिया होती आणि तिचा आलेख त्यांच्या भाषेत दिसतो : ‘स्त्रीधर्मनीति’ची संस्कृतनिष्ठ मराठी, क्रुसावरील संस्कृताचा आग्रह, प्रवासवृत्तातील संवादी गद्य आणि बायबलची साधी मराठी. दुसरी, १८९३ नंतर त्या लेखनापासून दूर गेल्या नाहीत; त्यांनी वाचक बदलला आणि त्याबरोबर आपली भाषा बदलली. तिसरी, त्यांचा अनुवाद सर्वस्वी यशस्वी ठरला नाही, तरी मराठी धार्मिक गद्य कोणासाठी असावे याविषयी त्याने घेतलेली भूमिका वाङ्मयेतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

अध्यापक म्हणून याचा उपयोग सोपा आहे. मोरोपंतांची एक आर्या, १९२४ च्या बायबलमधील एक पान आणि ‘स्मृतिचित्रे’तील एक प्रसंग असे तीन उतारे एका तासिकेत शेजारी ठेवून वाचता येतील. तिन्ही लेखक ईश्वराविषयी बोलत आहेत. प्रत्येकाने आपला ऐकणारा वेगळा निवडला आहे. बारामती आणि इंदापूरच्या विद्यार्थ्यांना त्यांतील एकाची कर्मभूमी गावात सापडेल आणि दुसरीची रेल्वेने तास-दीड तासाच्या अंतरावर. कोणाचे शब्द अर्थ न विचारता आपण पाठ केले आणि कोणाचे अर्थासह वाचले, हे त्यांना स्वतःच ठरविता येईल.